दात मशीनने हलत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दात मशीनने साफ करून घेतले आणि तेव्हापासून हलायला लागले,’ ही तक्रार दंतवैद्यांना वारंवार ऐकावी लागते. या धास्तीपायी माणसे कीटण काढून घ्यायचे टाळतात आणि पन्नाशीत न किडलेले, धडधाकट दात उपटून टाकायची पाळी येते.

दात मुख्यतः हिरडीने नव्हे, जबड्याच्या हाडाने धरलेला असतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये निरोगी तोंडातही १ ते ३ मिलिमीटर खोल खाच असते. तिच्या कडेला जंतूंचा मऊ थर साचतो. तो रोज निघाला नाही तर लाळेतील क्षार बसून कडक होतो. हेच कीटण. आरशासमोर जीभ उचलून खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू पाहा. तिथे बहुधा पिवळट कड दिसेल, कारण लाळग्रंथींची तोंडे जिभेखाली तिथेच उघडतात.

याच सुमारास ब्रशला रक्त लागू लागते आणि बरेच जण नेमकी ती जागा घासायची सोडून देतात. डेन्मार्कमध्ये १९६५ साली निरोगी हिरड्यांच्या माणसांना दात घासणे बंद करायला लावले, तेव्हा १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. या टप्प्यावर आजार पूर्ण बरा होतो.

पुढे तसे नसते. सूज खोल उतरली की हाड झिजते, खाचेचा ४-५ मिलिमीटरचा कप्पा होतो आणि ब्रशचे केस तळाशी पोहोचत नाहीत. दुखत काहीच नाही, हीच मेख. गेलेले हाड सहसा भरून येत नाही. सैल झालेल्या दातांना आता कीटणाचाच टेकू असतो आणि सुजलेल्या हिरडीने फटी झाकलेल्या असतात. कीटण निघाले, सूज उतरली की फटी दिसतात, गार पाणी काही दिवस झोंबते आणि आळ मशीनवर येतो. प्रत्यक्षात हाड पुरेसे उरले असेल तर काही आठवड्यांत दाताचे हलणे कमी होते. मशीनचे टोक सेकंदाला २५-३० हजार वेळा कंप पावते. ते दाताला आडवे, हलक्या हाताने लावायचे असते. उभे रुतवले तर मुळावर ओरखडे उठतात, हे मात्र खरे.

आमच्या व्यवसायाकडेही बोट दाखवायला हवे. वरवर चकचकीत करून देणे हा हिरड्यांचा उपचार नव्हे. खुणांच्या बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजून आकडे लिहायला हवेत. रुग्णाने ते मागून घ्यावेत. कप्पा खोल असेल तर जागा बधिर करून मुळावरचे कीटण काढावे लागते आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे लागते. पुढे दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. थर जागेवरच राहतो. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या दोन आठवडे ठीक, त्यापुढे दातांवर तपकिरी डाग पडतात. पेस्ट आणि गुळणी यांत अर्धा तास जाऊ द्यावा, नाहीतर औषधाचा जोर कमी होतो.

घरी मऊ ब्रश ४५ अंशांत तिरका धरून केस हिरडीच्या कडेवर टेकवावेत, जागच्या जागी बारीक हलवून दाताच्या टोकाकडे ओढावेत. आडवे खसाखसा घासण्याने मुळे उघडी पडतात. दातांच्या मधल्या फटीत ब्रश जात नाही. तिथे दोरा किंवा फटीच्या मापाचा छोटा ब्रश हवा.

गावाकडे दात ठणकला की बायका मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच. ठणका तात्पुरता दबतो, सवय जडते आणि हिरडी खाली सरकते. तंबाखूयुक्त पेस्ट आणि दंतमंजनावर १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार?

मधुमेहींना हिरड्यांचा हा आजार लवकर आणि जोरात होतो. उलट, हिरड्यांचे उपचार झाल्यावर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) साधारण ०.३ ते ०.४ टक्के-अंकांनी उतरते. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढील लोकांची साखर, रक्तदाब आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी होतेच. तोंड उघडलेलेच असते, तेव्हा रक्त येते का, दात हलतो का, हे दोन प्रश्न त्याच कागदावर छापावेत. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू असेल तर त्याचीही नोंद घ्यावी. त्या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी मात्र परस्पर बंद करू नये.

– एक दंतवैद्य, सातारा