पंचांग सोलापूरचं आणि सहल भरतीला!

संपादक महोदय,

कालच्या अंकात आमच्या नातवाच्या शाळेची बातमी वाचली, ‘विद्यार्थ्यांनी अनुभवली सागरी जीवसृष्टी’. काय अनुभवली हो? पोरं रात्रभर गाडीत अवघडून आंबा घाट उतरली, रत्नागिरीच्या भाट्याच्या किनाऱ्यावर पोचली अकराच्या पुढं, आणि समुद्र काठोकाठ भरलेला. नुसतं पाणी. सर शिट्ट्या मारून पोरांना मागं ओढतायत. मत्स्यालयात वीस मिनिटं आणि काजू-आंबापोळीच्या दुकानात तासभर. अभ्यास सहल म्हणे.

मी नोकरीत असताना तीन वर्षं रत्नागिरीत काढलीत. घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, भाऊ, तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. सहल गेली नेमकी पौर्णिमेला! त्या दिवशीची ओहोटी तर चांगली मोठी, संध्याकाळी पाचला खडक लांबपर्यंत उघडे पडतात, डबक्यात खेकडे, कालवं, समुद्रफुलं, बोट लावलं की मिटणारी, सगळं गुडघाभर पाण्यात बघायला मिळतं, आणि पाचला आमची गाडी कुठं, तर परतीच्या वाटेवर साखरपा गावात चहाला थांबलेली. दाते पंचांग निघतं आपल्या सोलापुरातनं, ते उघडून तिथी बघायला काय वेगळी फी पडते का? अठराशे रुपये तर घेतलेच होते.

नातवाला वाळूत एक शंख सापडला, तो बाटलीत घालून आणला. घरी आल्यावर शंखातनं पाय बाहेर आले, आत खेकडा! कुणी सांगितलंच नव्हतं. पोरानं बादलीत नळाचं पाणी घेऊन त्यात चमचाभर मीठ टाकलं. समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम मीठ असतं, चमच्यानं काय होतंय. दुसऱ्या दिवशी मेला. पोरगं जेवलं नाही. आणि वास असा की विचारू नका, त्यात नळ येणार पाचव्या दिवशी, बादली धुवायची कशानं? त्यावर पण कधीतरी छापा.

आणि तेवढं फोटोखालचं बघा, ‘देवमासा या महाकाय माशाचा सांगाडा’. देवमासा मासा नाही हो, पिल्लाला दूध पाजतो तो, सातवीच्या पोरांनी हसून दाखवलं मला. बाकी फोटोत डावीकडं तोंड फिरवून उभा आहे तो आमचाच.

एक आजोबा, जुळे सोलापूर