छेद नसलेला अंश: साथीच्या आकडेवारीबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, लोक स्वास्थ्य व चिकित्सा शिक्षण विभाग,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

विषय: साथीच्या काळात इंदूरमधील वॉर्डनिहाय लोकसंख्या, रुग्ण व मृत्यू यांची आकडेवारी सर्वांसाठी खुली ठेवण्याबाबत

महोदय,

साथ आली की रोज संध्याकाळी एक बुलेटिन निघते. नवे रुग्ण इतके, बरे झालेले इतके, दगावलेले इतके, आणि खाली वस्त्यांची यादी. २०२० मध्ये इंदूरने हे बुलेटिन महिनोन्‌महिने वाचले. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळून साथ पसरली, तेव्हाही शहर आकड्यांकडेच डोळे लावून बसले होते. मृत्यू किती झाले, यावर सरकारी आकडा आणि वस्तीतला आकडा कित्येक दिवस जुळत नव्हता. या सगळ्यात एक आकडा मात्र कोणीच देत नव्हते: त्या वस्तीत माणसे राहतात किती, आणि कोणत्या वयाची.

तो का हवा, ते शाळकरी गणितात सांगता येते. समजा, दोन वॉर्डांत ४०-४० रुग्ण सापडले. एकाची वस्ती १२,००० आणि दुसऱ्याची ३०,०००. दर १०,००० माणसांमागे पहिल्यात ३३ रुग्ण झाले, दुसऱ्यात १३. यादीत मात्र दोन्ही वॉर्ड शेजारी शेजारी, सारखेच. टँकर, क्लोरिनच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटे आणि सर्वेक्षणाची पथके त्या यादीवरून वाटली, तर जिथे साथ अडीचपट जोरात आहे तिथेही तेवढाच माल पोचतो. पुढे वय बघा. जुलाबाच्या साथीत पाच वर्षांखालची मुले आणि साठीपुढची माणसे लवकर कोसळतात. ज्या वॉर्डात लहान मुलेच फार, तिथे मुलांचे रुग्ण जास्त दिसणारच. ते मुलांच्या संख्येच्या मानाने जास्त आहेत का, हे छेद, म्हणजे तिथल्या मुलांची एकूण संख्या, हाती असल्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही, आपल्या खात्यालाही नाही.

हा छेद आज कुठे आहे? २०११ च्या जनगणनेत. तेव्हा इंदूर महापालिकेची लोकसंख्या १९,६४,०८६ होती आणि वॉर्ड ६९. नंतर २९ गावे शहरात आली आणि वॉर्ड ८५ झाले. म्हणजे जुना वॉर्ड क्रमांक ३० आणि आजचा वॉर्ड क्रमांक ३० यांचा एकमेकांशी काही संबंध असेलच असे नाही. तरी जुन्या तक्त्यातली लोकसंख्या नव्या क्रमांकासमोर मांडलेली दिसते, आणि तिच्यावर टक्केवारीही काढली जाते. त्यात वॉर्डाच्या पातळीवर जनगणनेने एकूण संख्या, ०-६ वयाची मुले, साक्षर, कामकरी, अनुसूचित जाती-जमाती एवढेच दिले होते. पाच-पाच वर्षांचे वयोगट वॉर्डनिहाय नव्हतेच. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तक्ते यायला त्यानंतरही वेळ लागणार. साथ काही तोवर थांबून राहणार नाही.

राज्याच्या हातात मात्र समग्र ही कुटुंबांची सरकारी नोंदयादी आहे. प्रत्येक कुटुंबाला ८ अंकी आणि प्रत्येक सदस्याला ९ अंकी क्रमांक. वय, लिंग, वॉर्ड, सगळे त्यात. मध्य प्रदेशाकडे ही सोय आहे आणि साथीच्या वेळी ती नुसती पडून राहते, याचे आम्हाला नवल वाटते. तिच्यातल्या खोडीही सांगायला हव्यात. जुन्या शहरात, म्हणजे राजवाडा आणि जेल रोडच्या आसपास, सुदामा नगरला किंवा बायपासपलीकडे राहायला गेलेल्या कुटुंबांची नावे तशीच राहतात, त्यामुळे तिथला आकडा फुगतो. भंवरकुव्याच्या कोचिंगची मुले, सांवेर रोडच्या कारखान्यांतले परप्रांतीय कामगार यांची नोंद नसते, तिथला आकडा आक्रसतो. मतदार यादी ताडून पाहायला बरी, पण तिच्यात १८ वर्षांखालचे कोणीच नाही. नळजोडण्यांवरून कुटुंबे मोजावीत, तर बोअर आणि टँकरवर जगणाऱ्या मल्ट्या (बहुमजली इमारती) सुटतात.

म्हणून एकाच यादीवर विसंबून चालणार नाही. समग्रमधून वॉर्डनिहाय, वयोगटनिहाय आणि लिंगनिहाय बेरीज काढावी: ०-४, ५-१४, १५-२९, ३०-४४, ४५-५९, ६०-७४ आणि ७५ च्या पुढे, असे सात गट पुरतात. मग प्रत्येक झोनमधल्या काही गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि आशा कार्यकर्त्यांकडून तिथली घरोघर शिरगणती करून घ्यावी. शहरी आशाकडे साधारण १,००० ते २,५०० माणसांचा भाग असतो, त्यामुळे हे आठवड्याभराचे काम आहे. त्यातून समग्रचा आकडा कुठे किती फुगला, कुठे किती आक्रसला याचे प्रमाण मिळते. ते लावून दुरुस्त केलेला तक्ता प्रसिद्ध करावा, मोजणीच्या तारखेसह, आणि आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्या मर्यादेसह. मर्यादा लिहिली की अब्रू जाते, असा एक समज सरकारी कागदांत दिसतो. खरे तर ती नसली की जाणकार माणूस तक्ता बाजूलाच ठेवतो.

नकाशाचा घोळ याहून अवघड आहे. महापालिका वॉर्ड आणि झोनमध्ये मोजते. आरोग्य खाते शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि संजीवनी क्लिनिकच्या हद्दीत. पोलीस ठाण्याच्या हद्दीत. पाणी टंकीप्रमाणे येते, आणि टंकीची हद्द यांपैकी कोणाच्याही रेषेला जुमानत नाही. एका टंकीचे पाणी तीन वॉर्डांत जाते, एका वॉर्डात दोन टंक्यांचे येते. पाण्याची साथ वॉर्डनिहाय मांडली, तर एकाच टंकीवरचे रुग्ण तीन यादींत विखुरतात आणि कुठेच फारसे दिसत नाहीत. त्यातच पत्ते हाताने लिहिलेले. ‘सुदामा नगर ई सेक्टर’, ‘सुदामानगर सेक्टर-ई’ आणि नुसते ‘सुदामा नगर’ ही संगणकासाठी तीन वेगळी ठिकाणे आहेत. उपाय साधा आहे: नोंद करतानाच पत्त्यासोबत वॉर्डाचा एलजीडी कोड (स्थानिक संस्थांच्या सरकारी सूचीतला ठरलेला क्रमांक) आणि टंकीचा क्रमांक हे दोन रकाने सक्तीचे करा, आणि वॉर्ड, झोन व टंकी यांच्या हद्दींची डिजिटल फाईल सर्वांना उतरवून घेता येईल अशी ठेवा. वॉर्डांची पुनर्रचना कधी झालीच, तर जुन्या वॉर्डाची किती लोकसंख्या कोणत्या नव्या वॉर्डात गेली याचा तक्ता त्याच दिवशी निघाला पाहिजे. पाण्याच्या साथीत टंकीनिहाय रुग्णांशेजारी त्या टंकीच्या शेवटच्या टोकाच्या नळातला उरलेला क्लोरिनही लिहावा. पिण्याच्या पाण्याचे मानक लिटरला ०.२ मिलिग्रॅम किमान सांगते. ज्या टोकाला शून्य आहे ते रहिवाशांना त्याच दिवशी कळायला हवे.

मृत्यूंच्या नोंदीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात मोठी गळती तिथे आहे. मृत्यूच्या कारणाचा दाखला म्हणून रुग्णालयातल्या मृत्यूसाठी डॉक्टर प्रपत्र ४ भरतात आणि घरी झालेल्यासाठी ४-अ. पहिल्या भागात साखळी लिहायची असते: (अ) लगेचचे कारण, (ब) ते कशामुळे, (क) मूळ आजार. जुलाबाने दगावलेल्या माणसाची साखळी अशी हवी: मूत्रपिंड निकामी, शरीरातले पाणी कमी झाल्यामुळे, ते तीव्र जठरांत्रदाहामुळे. रात्रपाळीचा डॉक्टर पहिल्याच ओळीवर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून मोकळा होतो. हृदय आणि श्वास तर प्रत्येक मरणाऱ्याचेच बंद पडतात. (ब) आणि (क) रिकामे राहिले की तो मृत्यू साथीच्या हिशेबात येतच नाही, आणि कोणी काही लपवले नसतानाही लपवल्यासारखे दिसते. साथ जाहीर झाल्यापासून त्या भागातल्या प्रत्येक प्रपत्राची ४८ तासांत दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी व्हावी, आणि साखळी अपुरी असेल तर ते परत जावे.

दुसरी अडचण ठिकाणाची. कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथे होते. एमवाय या इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात धार, झाबुआ, खरगोन, देवासहून माणसे येतात; त्यांचे मृत्यू इंदूरच्या नावावर चढतात. तेव्हा दोन बेरजा वेगळ्या हव्यात, घडल्या ठिकाणानुसार आणि राहत्या पत्त्यानुसार. तिसरी अडचण तारखेची. ९ जून २०२१ रोजी बिहारचा करोना-मृत्यूंचा एकूण आकडा ५,४५८ वरून एकदम ९,४२९ झाला. जुने मृत्यू एका दिवसात बेरजेत घातले की आलेखावर खोटा डोंगर उभा राहतो. लक्षण दिसल्याची, नमुना घेतल्याची, अहवालाची आणि मृत्यूची अशा चार तारखांचे चार रकाने ठेवा, म्हणजे जुनी नोंद आपल्या जागी जाऊन बसते.

या कामाला दिल्लीच्या वार्षिक अहवालांचा उपयोग नाही. २०२१ ची नागरी नोंदणीची आकडेवारी प्रसिद्ध झाली मे २०२५ मध्ये.

आता गोपनीयता. ‘रुग्णांची माहिती उघड करता येत नाही’ हे उत्तर आम्हाला माहीत आहे आणि त्यातला अर्धा भाग मान्य आहे. २०२० मध्ये घरांवर पत्रके चिकटवली गेली, नावांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरल्या. सर्वोच्च न्यायालयाला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगावे लागले की सक्षम अधिकाऱ्याच्या विशिष्ट आदेशाशिवाय अशी पत्रके लावू नयेत. नाव, घर क्रमांक, मोबाईल यातले काहीही आम्ही मागत नाही. धर्म आणि जात यांचे रकानेही रोजच्या तक्त्यात नकोत; आटोपशीर वस्तीत त्यांचा एकच उपयोग होतो आणि तो चांगला नसतो. पण वॉर्डातल्या माणसांची बेरीज ही कोणाची वैयक्तिक माहिती नव्हे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम अधिक आवळले, तरीही नाही.

लहान आकडे झाकण्याचा नियम आधीच ठरवावा लागतो. पाचपेक्षा कमी रुग्णांचा चौकोन ‘५ पेक्षा कमी’ असा लिहायचा, हे सोपे. चूक पुढे होते: वॉर्डाची बेरीज २३ दिली, पुरुष १९ दिले आणि स्त्रियांचा चौकोन झाकला, तर ४ हा आकडा वजाबाकीने कोणीही काढील. एक चौकोन झाकला की त्याच ओळीतला दुसराही झाकावा लागतो, किंवा दोन वयोगट एकत्र करावे लागतात. दुसरी फट रोजच्या बेरजेत आहे. काल १२, आज १३; गल्लीत काल रुग्णवाहिका आली होती; नाव सगळ्यांना कळले. म्हणून रोजचा तक्ता झोनचा असावा, आणि वय-लिंगासह वॉर्डाचा तक्ता सात दिवसांच्या बेरजेचा, आठवड्यातून एकदा. सात दिवसांच्या बेरजेने आणखी एक गोष्ट साधते: २,००० मुलांच्या वॉर्डात ३ रुग्णांचे ४ झाले की दर १०,००० मागे १५ वरून २० वर उडी जाते, त्यातून होणारी उगाच घबराट थोडी कमी होते. पाण्याच्या साथीला मात्र आठवडा परवडत नाही. तिथे टंकीनिहाय आकडा रोज द्यावा, वय-लिंग गाळून.

कागद कसा द्यायचा, तेही सांगतो, कारण माहिती देऊनही न दिल्यासारखी कशी करता येते याचा खात्यांना भरपूर सराव आहे. छापलेला तक्ता स्कॅन करून केलेली पीडीएफ चालणार नाही. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूरही नको. तो दुसरीकडे चिकटवला की वस्तीच्या नावाचे भलतेच काहीतरी होते. युनिकोडमधली साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाईल, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने (नाहीतर एक्सेल ३ एप्रिलचा ४ मार्च करून ठेवते), जुनी फाईल न पुसता दुरुस्त आवृत्ती वेगळ्या नावाने. करोनात देशभरचे स्वयंसेवक राज्यांच्या बुलेटिनांवरून आकडे पुन्हा हाताने भरत बसले आणि ऑक्टोबर २०२१ अखेर तो उपक्रम थांबला. ते काम सरकारी फायलींनी मुळातच वाचवायला हवे होते.

अधिकार आपल्याकडे आहेत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अशी माहिती न मागता, आपणहून द्यायला सांगते. नेहमीच्या अर्जाला ३० दिवस लागतात. जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तास. पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसायला काही तास ते ५ दिवस पुरतात. तेव्हा अर्जाची वाट हा या कामाचा रस्ताच नाही.

या शहराला मोहल्ल्यांची स्थिती चारचौघांत मांडणे नवे नाही. १९१७ मध्ये स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदुरात दिवाळीची मिरवणूक काढली, प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिकृती तिच्यात फिरवली, आणि मिरवणूक जाईल ती सफाई-डागडुजी झालेल्या मोहल्ल्यांतूनच, असे आधी जाहीर केले. लागोपाठ आठ वेळा स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहराला वॉर्डनिहाय आजाराचा तक्ता जड जाऊ नये.

हे सगळे एकदम होणार नाही, हे कळते. पहिली फाईल मात्र उद्याही देता येईल, तिला नवी मोजणी लागत नाही: गेल्या पाच वर्षांतले इंदूर महापालिका हद्दीतले नोंदणीकृत मृत्यू, महिनावार, झोननिहाय, राहत्या पत्त्यानुसार, फक्त बेरीज. पुढच्या साथीत एखाद्या झोनमध्ये त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा मृत्यू किती वाढले, हे तीवरून कोणालाही काढता येईल, प्रपत्र ४ च्या पहिल्या ओळीवर काहीही लिहिलेले असो. हेच पत्र हिंदीत आपल्या कार्यालयाकडे, सीएमएचओंकडे (जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांकडे) आणि महापालिका आयुक्तांकडे वेगळे पाठवत आहोत. सोबत रकान्यांचा कोरा नमुना जोडला आहे.

आपले,
सांख्यिकी, जनआरोग्य आणि पाणीपुरवठा या क्षेत्रांत काम करणारे इंदूरचे काही नागरिक