साठ पौंडांचा हट्ट सोड

खानापूर, ऑक्टोबर

प्रिय सुऱ्या,

तुझी यादी मिळाली. धनुष्य सुटं होणारं पाहिजे, सूटकेसमध्ये बसलं पाहिजे, तिकडं अमेरिकेतल्या हरणाला चाललं पाहिजे आणि ओढ, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, साठ पौंडांची पाहिजे. पहिल्या तिन्ही गोष्टी कबूल. चौथीला माझी ना आहे. का, ते सगळं लिहूनच काढतो, कारण फोनवर तू दुसऱ्याला बोलूच देत नाहीस मर्दा.

आधी काम कुठवर आलंय ते सांगतो. धनुष्य ६६ इंचांचं, तीन तुकड्यांत. दोन तुकडे करून मधे नळी बसवायची पद्धत सोपी आहे, पण मग एकेक तुकडा ३३ इंचांचा होतो आणि विमानवाल्यांच्या लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या हिशोबातल्या बॅगेत तो सरळ बसत नाही. म्हणून मूठ वेगळी, १८ इंचांची, आणि वर-खाली वाकणारी दोन पाती प्रत्येकी २६ इंचांची. दोन्हीकडे दोन-दोन इंच पातं मुठीवर चढतं आणि तिथं बोल्ट लागतो.

मूठ बघून तू खूश होशील. आजोबांच्या मोडक्या पलंगाचा शिसवी खूर माळ्यावर पडून होता. तो मधून उभा चिरला आणि आत बाभळीची पट्टी घालून चिकटवला. एवढं जुनं लाकूड आता कुठं हलायचं नाही. बोल्टासाठी आटे पाडलेले पितळी बुश बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतले. हा बाबा दिवसभर हायड्रॉलिकचे पार्ट काढतो. कुठल्या मशीनचं काम म्हणून विचारलं, धनुष्याचं म्हटल्यावर लेथ बंद करून चहाच मागवला. बोल्ट ८ मिलिमीटरचा, शेजारी एक बारकी पिन. ओढीचा जोर बोल्ट एकटा सहज झेलतो. पिन आहे ती पातं दर वेळी त्याच जागी बसावं म्हणून. पातं केसभर तिरकं बसलं तरी दोरी मुठीच्या मधून न जाता एका बाजूला जाते आणि बाण भलतीकडं. म्हणून भोकं पाडायच्या आधी टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून धरला, तो मुठीच्या मध्यरेषेवर आला तेव्हाच ड्रिल लावलं.

पात्यांची पाठ बांबूची, पोट धामणीचं. पाठ म्हणजे निशाणाकडची बाजू, ती ताणली जाते. पोट आपल्याकडची बाजू, ती दबते. ताण सोसायला बांबूच्या सालीखालच्या तंतूंसारखं दुसरं काही नाही, म्हणून ती बाजू रंध्याला दाखवायचीसुद्धा नाही, फक्त पेरांचे उंचवटे हलके घासायचे. इथं सगळे म्हणाले माणगा घे, भरीव असतो. भरीव असतो खरा, पण घेर लहान. सव्वा इंची पट्टी काढली की पाठ पन्हळीसारखी गोल येते. म्हणून जून, जाड भिंतीचा कळक घेतला. धामण आपल्याच बांधावरची, वादळात मोडलेली. कुऱ्हाडीचा दांडा आणि गाडीची जुवाट जिची करतात ती वाकून परत सरळ होणारच. करवतीनं कापली नाही, पाचर मारून तिच्या रेषेनं फोडली.

आता खरा मुद्दा, हवेचा. आपल्याकडं आषाढ-श्रावणात भिंतीला हात लावला तर ओला होतो, हे तू विसरला नसशील. त्या हवेत लाकूड १८-२० टक्के ओलावा धरून बसतं. असं लाकूड वाकवलं की वाकलेलंच राहतं आणि बाण मेल्यासारखा निघतो. तुमच्या मिनेसोटात उलटी तऱ्हा. थंडीत घरात हीटर, हवा कोरडी ठाक, लाकूड पाच-सहा टक्क्यांवर उतरणार. इतकं सुकलेलं लाकूड कडक होतं आणि ठिसूळही. ओलावा एका टक्क्यानं उतरला की कडकपणा साधारण दोन टक्क्यांनी चढतो. शिवाय बांबू आणि धामण सारखे आक्रसत नाहीत, म्हणजे मधल्या गोंदावरही ओढाताण. फेव्हिकॉल त्यामुळंच वापरला नाही, सतत ताणाखाली तो हळूहळू सरकतो. सावकाश धरणारं इपॉक्सी लावलं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या.

त्याच्याही आधी प्लायवूडची एक लांबट पेटी केली, आत जुना पिवळा बल्ब, वर-खाली हवेला भोकं. त्यात फळ्या ठेवल्या. रोज सकाळी वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं आणि पेटीवर पेन्सिलीनं लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेपुरतं लाकूड सुकलं. वहिनी म्हणाली, पोरांचं वजन तरी कधी एवढ्या काळजीनं केलंत काय!

सध्या पाती चिकटवून, टोकाकडं अर्ध्या इंचापर्यंत निमुळती करून झालीत आणि वाक जुळवायचं चाललंय. पडवीच्या भिंतीवर खडूनं आडव्या रेघा मारल्यात, वर मूठ अडकवायची, खाली कप्पी, दोरीत स्प्रिंगचा काटा. मी अंगणातून दोरी ओढतो आणि लांबून वाक बघतो. कुठं पातं ताठ राहतंय तिथं पोटाकडून पेन्सिलीची खूण, मग फुटक्या काचेनं खरवडायचं. काच बरोबर लागली तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघते, फुंकर मारली की उडते. खरवडलं की लगेच निकाल बघायचा नाही. हलकी हलकी ओढ बऱ्याचदा द्यायची, तेव्हा कुठं लाकूड ते मान्य करतं. जाडीचा खेळ भयंकर आहे बघ. रुंदी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताकद दहा टक्केच जाते, पण जाडी दहा टक्क्यांनी उतरली की सत्तावीस टक्के गेली. खालचं पातं वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवतोय, कारण बाणाखाली दोन बोटं आणि वर एकच असतं.

तर साठ पौंड. ते दोरी २८ इंच मागं ओढल्यावर मोजायची रीत आहे, आणि तुझे हात माझ्याएवढेच, म्हणजे तू सत्तावीसच्या पुढं जाणार नाहीस. इंचामागं दोन-तीन पौंड तिथंच गेले. बाकीचे ओढायला तू रोज काय करतोस? कॉम्प्युटरपुढं बसतोस. थंडीत जाड जॅकेट घालून, झाडावर तासन्‌तास बसून, आखडलेल्या खांद्यानं साठ पौंड ओढशील तेव्हा हात थरथरेल आणि जनावर जखमी होऊन पळेल. तुमच्या राज्यात मोठ्या जनावराला किमान तीस पौंडांची अट आहे ना? मग २७ इंचाला पंचेचाळीस भरपूर झाले. तेवढेच ठेवतोय, तिकडच्या कोरड्या हवेत आपोआप सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस होतील. पौंडाला दहा ग्रेन धरून बाण ४५० ग्रेनचा, म्हणजे २९ ग्रॅमच्या आसपास घे, आणि बाणाचं टोक वस्तऱ्यासारखं धारदार लाव. बाणाचं काम धार करते, धक्का नाही. वीस यार्डांच्या पलीकडं सोडू नकोस, एवढा शब्द दे. जड बाण आणि हलकी ओढ आवाजही कमी करतात. दोरीवर बांधायला घोंगडीच्या लोकरीचे दोन गोंडे करून ठेवलेत. पॉलिश मुद्दाम मंद मारणार आहे, उन्हात चकाकायला नको.

गावात बातमी पसरलीच आहे. डुकरांनी भात लोळवलेले दोघं-तिघं येऊन गेले, म्हणाले, आता रात्री बसूया की. मी स्पष्ट नाही सांगितलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर इथं तो विषयच नाही, आणि भीमगड अभयारण्य हाताच्या अंतरावर असताना तर मुळीच नाही. त्यांची तक्रार खोटी नाही, कापणीला आलेलं शेत एका रात्रीत जातं, पण त्याचा अर्ज वनखात्याकडं, माझ्या पडवीकडं नाही. मी गवताच्या पेंढीवरच बाण मारतो, मला तेवढ्यात मजा येते. तुझ्याकडं परवाना आहे, मोसम सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर आहे, मारलेलं तुम्ही खाता. तुझं तू बघ.

या मोसमात मात्र हातात मिळेल अशी आशा धरू नकोस. शेवटची खरवड मी शिवरात्रीच्या सुमाराला, हवा कोरडी पडल्यावरच करणार. मे महिन्यात सुट्टीला येशील तेव्हा घेऊन जा, आणि उन्हाळाभर तिकडं सराव कर. नेताना चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या नाही. घरी हीटरजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. वापर झाला की दोरी उतरव. दोरी चढवताना पाय घालून वाकवायची फाजील हुशारी नको, पातं पिळवटतं, त्यासाठी वेगळी दोरी मिळते ती वापर. वरच्या पात्यावर एक ठिपका आणि खालच्यावर दोन असतील, अदलाबदल करू नकोस. बाण न लावता दोरी सोडून बघायचा मोह तुझ्या पोराला होणार, त्याला आधीच दम देऊन ठेव. बाण नसला की सगळा जोर पात्यांतच राहतो आणि ती फुटतात.

दोन गोष्टी लगेच कळव. भिंतीला पाठ लावून हात पसरून घेतलेलं टोकापासून टोकापर्यंतचं माप, म्हणजे ओढ किती ते पक्कं करतो. आणि येताना डॅक्रॉनच्या बी-५० दोऱ्याचं एक रीळ आण, काळं किंवा तपकिरी. ते नवीन न ताणणारे दोरे नकोत, लाकडी टोकं कापतात. इकडून तुला काय पाहिजे ते लिही. कुंदा आणतोच, मांडे हवे असतील तर चार दिवस आधी सांग.

तुझाच,
बाळू