पुस्तके निवडणारा ग्रंथपाल हवा

महोदय,
प्राध्यापकांनी यादी द्यायची आणि ग्रंथपालांनी बिल काढायचे, अशी खरेदी अनेक विद्यापीठांत चालते. (मार्चअखेर निधी संपवण्याची घाई वेगळीच!) विषय जाणणारा ग्रंथपाल अभ्यासक्रम, चालू संशोधन, देवघेवीच्या नोंदी पाहून निवड करतो, कालबाह्य प्रती बादही करतो. सीमाभागाच्या अभ्यासकाला मराठी आणि कन्नड दोन्ही साधने लागतात. स्मरणिका, गावांचे इतिहास मोठ्या वितरकांच्या यादीत सहसा नसतात. ते निपाणी, खानापुरात फिरून, छोट्या प्रकाशकांकडे चौकशी करूनच मिळतात. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय तर १८४८ पासूनचे, तिथेही विचारावे. इथल्या विद्यापीठाने निदान इतिहास आणि भाषा विषयांसाठी असा ग्रंथपाल नेमावा, त्याच्या हाती स्वतंत्र निधीही द्यावा.

– एक वाचक, खानापूर