तपासणी ज्याची, घड्याळही त्याच्याच हाती

लंडन

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

ब्रिटिश संसदेत दर बुधवारी पंतप्रधानांना अर्धा तास प्रश्न विचारतात, तोच सरकारवरचा खरा अंकुश का, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे. तो अर्धा तास गाजतो, पण सरकारला त्याची झळ फारशी बसत नाही. खरी झाडाझडती समित्यांच्या खोल्यांमध्ये होते.

मागच्या आठवड्यात मी अशा एका बैठकीला जाऊन बसले होते. सुरक्षा तपासणी झाली की कोणालाही आत सोडतात. घोड्याच्या नालेसारखे टेबल, आणि त्याच्या मोकळ्या बाजूला मंत्री व दोन अधिकारी. एक रखडलेला आराखडा केव्हा येणार, यावर मंत्री "लवकरच" म्हणाले. अध्यक्षांनी महिना विचारला, तरी उत्तर तेच. आवाज जराही न चढवता अध्यक्षांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा शेजारच्या अधिकाऱ्याने चिठ्ठी पुढे सरकवली आणि मंत्र्यांच्या तोंडून एकदाचा महिना निघाला. हे अध्यक्ष मंत्र्यांच्याच पक्षाचे होते, हे मला मुद्दाम सांगायचे आहे.

प्रत्येक खात्यावर नजर ठेवणाऱ्या या समित्या १९७९ मध्ये सुरू झाल्या, पण त्यांवर कोण बसणार हे व्यवहारात पक्षांचे प्रतोदच ठरवत. २००१ मध्ये ग्विनेथ डनवुडी आणि डोनाल्ड अँडरसन या सत्ताधारी पक्षाच्याच दोन परखड अध्यक्षांना वगळण्याचा प्रयत्न झाला, तो सभागृहाने मतदानाने हाणून पाडला. पुढे २००९ मध्ये खासदारांनी भत्त्यांचा गैरवापर केल्याचे प्रकरण उघडकीला आले, लोकांचा विश्वास पार उडाला, आणि टोनी राइट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेले बदल त्या नामुष्कीतूनच स्वीकारले गेले. २०१० पासून बहुतेक समित्यांचे अध्यक्ष सगळे सभागृह गुप्त मतदानाने निवडते. कोणते अध्यक्षपद कोणत्या पक्षाकडे जाणार हे संख्याबळावर ठरते, मात्र मत सर्वांना असल्यामुळे उमेदवाराला समोरच्या बाकांवरचीही मते मागावी लागतात. मंत्रिपदाच्या आशेने गप्प बसणारा माणूस तिथे सहसा टिकत नाही.

तरीही काम अर्धेच झाले आहे, आणि याची मला मनापासून खंत वाटते. सभागृहाच्या नियमांनुसार सरकारी कामकाजाला अग्रक्रम असतो; इथले अधिवेशन साधारण वर्षभराचे, त्यात विरोधकांना वीस दिवस आणि मागच्या बाकांवरच्या, म्हणजे पद नसलेल्या, खासदारांना पस्तीस दिवस, बाकी वेळ जवळजवळ सगळा सरकारचा. सर्वांनी मिळून कामकाज ठरवावे यासाठी एक समिती नेमण्याचे आश्वासन २०१० च्या आघाडी सरकारने दिले होते, ते त्याने पाळले नाही. कायद्याखालच्या नियमांची गोष्ट तर त्याहून वाईट आहे: मंत्री ते आणतात, खासदारांना त्यात सहसा एक शब्दही बदलता येत नाही, फक्त हो किंवा नाही म्हणायचे, आणि कॉमन्सने, म्हणजे या निवडून आलेल्या सभागृहाने, असा एखादा नियम शेवटचा फेटाळला तो १९७९ मध्ये. मला विचाराल तर पुढची सुधारणा इथूनच सुरू व्हायला हवी, कारण निर्भीड अध्यक्ष निवडून दिला तरी त्याच्या अहवालावर चर्चा केव्हा व्हावी हे सरकारच ठरवणार असेल, तर तो अहवाल कपाटात पडून राहतो.

मंत्र्यांनी सांगितलेला तो महिना मी वहीत टिपून ठेवला आहे. आराखडा आला की नाही, ते कळवीन.

तुमची,
लेक