बाजूची वाट: नकाशात 42 इंच, जागेवर 30 इंच

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: घराच्या वाढीव बांधकामाच्या आराखड्यात बाजूच्या वाटेची रुंदी चुकीची दाखवल्याबद्दल, आणि दुरुस्तीसाठी जादा आकारणी मागितल्याबद्दल तक्रार

महोदय,

आमच्या घराचे वाढीव बांधकाम आपल्या कंपनीकडे आहे. आखणी झाली आहे, चुन्याच्या रेघा जमिनीवर दिसत आहेत आणि खोदाई सुरू व्हायची आहे. पाया एकदा भरला गेला की खाली लिहिलेली कोणतीच गोष्ट दुरुस्त होण्यासारखी राहणार नाही, म्हणून आत्ताच लेखी कळवत आहे.

आपल्या मंजूर आराखड्यात नव्या खोलीची भिंत आणि हद्द यांच्यामध्ये 3 फूट 6 इंचांची वाट दाखवली आहे. तो आकडा वाचूनच मी सही केली. आखणीच्या दिवशी टेप लावला तेव्हा कळले की हे माप नव्या भिंतीच्या विटेपासून हद्दीच्या रेषेपर्यंतचे आहे. हद्दीची रेषा म्हणजे कुंपणाच्या भिंतीचा मध्य. भिंत 9 इंचांची, म्हणजे तिची साडेचार इंच जाडी आमच्याच बाजूला आहे. 42 इंचांतून ती गेली. बाहेरचा गिलावा 1 इंच, कुंपणावरचा अर्धा इंच. उरले 36. वरच्या न्हाणीघराचा सांडपाण्याचा पाइप आपण नव्या भिंतीच्या बाहेरून खाली आणला आहे. 4 इंची पाइप, त्याचा क्लॅम्प आणि मागची फट धरून तो 6 इंच पुढे येतो. तिथे 30 इंच राहतात. आणि त्याच भिंतीवर, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर, एसीचे बाहेरचे युनिट दाखवले आहे. मागे हवेसाठी सोडायच्या जागेसह ते 16 इंच घेते. म्हणजे त्या जागी 20 इंच.

20 इंचांतून माणूस आडवा होऊन जातो. व्हीलचेअर जात नाही.

माझी आई व्हीलचेअर वापरते. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, एकूण चढ दीड फूट. उतार करायचा तर 1 इंच चढाला 12 इंच लांबी धरतात, या हिशेबाने 18 फुटांचा उतार लागेल आणि पुढे तेवढी जागा नाही. मागच्या बाजूला मात्र जमीन उंच आहे, मागचे दार जवळजवळ जमिनीच्या पातळीवर आहे आणि बाजूची वाट हलक्या चढाने तिथपर्यंत जाते. आई घरातून बाहेर पडते आणि घरात येते ती याच वाटेने. दवाखान्यात जायचे असो की नुसते संध्याकाळी फाटकाशी बसायचे असो, दुसरा रस्ता नाही. हे मी पहिल्याच बैठकीत आपल्या आर्किटेक्टना सांगितले होते आणि त्याच संध्याकाळी ईमेलनेही कळवले होते. ‘बाजूची वाट कोणत्याही परिस्थितीत चालू राहिली पाहिजे’ हे त्या ईमेलमधले पहिले वाक्य आहे. प्रत सोबत जोडली आहे.

तरीही आपला पहिला आराखडा आला तो वाट पूर्ण बंद करणारा. आज तिथे 7 फुटांची मोकळी पट्टी आहे, ती हद्दीपर्यंत भरून टाकली होती. त्या आराखड्यात स्वयंपाकघर खरोखर मोठे होत होते, जेवणाची जागा प्रशस्त होती, हे मी मान्य करते. पण त्यासाठी काय द्यावे लागणार होते ते आम्हाला कोणी सांगितले नाही. मधल्या खोलीची एकुलती एक खिडकी त्या पट्टीकडे उघडते, ती जात होती. त्याऐवजी छतात काच देऊ म्हणाले. काचेतून उजेड येतो, पण ती उघडणारी नसेल तर हवा येत नाही, आणि आराखड्यात ती बंद काच होती. हद्दीला चिकटून भिंत उभी केली की तिच्या बाहेरच्या अंगाला गिलावा करायला, पुढे ओल आली तर दुरुस्तीला, शेजाऱ्यांच्या अंगणात उभे राहावे लागते. त्यांची संमती लागते, आणि आज संमती देणारे शेजारी दहा वर्षांनी तेच असतील असे नाही. दोन भिंतींमध्ये बोटभर फट राहिली तर पावसाचे पाणी आणि पालापाचोळा तिथेच साचतो, आणि ती फट साफ करायला हातही जात नाही.

सगळ्यात गंभीर बाब ड्रेनेजच्या चेंबरची होती. तो त्या पट्टीतच आहे. आपल्या आराखड्यात तो नव्या स्वयंपाकघराच्या फरशीखाली जात होता, ओट्यापासून दोन हातांवर. गेल्या पावसाळ्यात लाइन तुंबली तेव्हा झाकण काढून आत सळ्या घालाव्या लागल्या होत्या. माणूस चेंबरच्या कडेला उकिडवा बसून एकेक सळी जोडत होता, ओढताना ती मागे त्याच्या डोक्यावरून वाटेत पसरत होती, आणि बाहेर आलेला सगळा गाळ तो शेजारी घमेल्यात भरत होता. हे काम स्वयंपाकघरात करायचे? दुहेरी, हवाबंद, स्क्रूचे झाकण बसवता येते हे मला माहीत आहे. त्याने रोजचा वास थांबतो. पण झाकण उघडायची वेळ येते ती लाइन तुंबल्यावरच. आणि पाइपवरून पाया जाणार असेल तर भिंतीचा भार पाइपवर येऊ नये म्हणून वरून बीम टाकावा लागतो. आराखड्यात तोही नव्हता.

दुसऱ्या आराखड्यात वाट घराच्या आतून काढली होती: पुढून एक दार, मध्ये धुण्याची खोली, मागे दुसरे दार. सरळ रेषेत दोन दारे ही कल्पना वाईट नाही. ज्यांना फक्त कधीतरी सायकल किंवा बागेचे सामान मागे न्यायचे आहे त्यांचे भागेल. आमचे भागत नाही. दोन्ही दारांना उंबरे होते. खोलीत वॉशिंग मशीन ठेवल्यावर मध्ये सव्वादोन फूट उरत होते. पावसात चिखलाची चाके रोज घरातून जाणार होती. घरात कोणी नसताना चेंबर साफ करणाऱ्याला किंवा झाडे छाटणाऱ्याला मागे जाताच आले नसते. आणि आग लागली तर मागच्या अंगणात अडकलेल्या माणसाला बाहेर पडण्याचा एकच मार्ग, तोही त्याच घरातून. हे सर्व मी लिहून कळवल्यावर तिसरा आराखडा आला. त्यात नवी खोली मागे 14 फूट लांब, बाजूला थोडी पुढे आलेली, आणि तिच्या शेजारून 3 फूट 6 इंचांची वाट. आम्हाला वाटले, प्रश्न सुटला.

तो सुटलेला नाही हे आखणीच्या दिवशी कळले, आणि तेही टेप मी धरला म्हणून. आपल्या साईट इंजिनिअरना विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘नकाशात आहे तेवढेच आहे, मार्जिन हद्दीपासूनच मोजतात.’ परवानगीच्या अर्जासाठी हद्दीपासून मोजत असतील, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण नियमाप्रमाणे किती जागा सोडली हा एक प्रश्न आणि त्या जागेतून खुर्ची जाते का हा दुसरा. मी आपल्याला दुसरा विचारला होता. व्हीलचेअर सरळ जायला सलग 36 इंच मोकळी रुंदी धरतात, हे घरे आखणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

शिडीचेही तसेच. शिडी 4 फूट उंचीला 1 फूट या प्रमाणात पाय बाहेर घेऊन लावायची असते. त्याहून उभी लावली तर मागे कलंडते. नव्या खोलीच्या छताची पन्हळ 11 फुटांवर आहे, म्हणजे शिडीचा पाय भिंतीपासून 2 फूट 9 इंच दूर हवा. 33 इंच. पाइपापाशी आपण 30 ठेवले आहेत. पन्हळ तुंबते ती नेमकी पाइपाच्या कोपऱ्यात, आणि तिथेच शिडी नीट लागणार नाही.

आता आपल्या पत्राकडे येते. मी दुरुस्ती मागितल्यावर आपल्या कार्यालयाने उत्तर दिले की आराखडा मंजूर झाल्यानंतरचा कोणताही फेरफार हा ग्राहकाने मागितलेला बदल धरला जाईल, नव्या रेखाटनाची आणि नव्या आखणीची वेगळी आकारणी होईल आणि काम पुढे ढकलले जाईल. त्याच पत्रात बाजूच्या पट्टीला ‘वापरात नसलेले क्षेत्र’ म्हटले आहे. ज्या वाटेने घरातली एक व्यक्ती रोज ये-जा करते तिला हे शब्द वापरलेले वाचून मला मनापासून वाईट वाटले. आणि बदल मी मागितलेला नाही. मी पहिल्या दिवशी जे मागितले तेच आजही मागत आहे.

मार्ग अवघड नाही, आणि तो खरे तर आपण सुचवायला हवा होता. नवी बाजूची भिंत 6 इंच आत घ्या. 14 फूट लांबीवर 6 इंच म्हणजे 7 चौरस फूट जागा खोलीतून कमी होते. आम्हाला ती कमी झालेली चालेल. पाइपापाशी 36 इंच मिळतात, शिडीही लागते. किंवा भिंत आहे तिथेच ठेवून सांडपाण्याचा पाइप खोलीच्या कोपऱ्यातल्या शाफ्टमधून, म्हणजे पाइपासाठी ठेवलेल्या बंद उभ्या पोकळीतून, खाली आणा, तपासणीसाठी उघडता येणारी झडप ठेवून. मग बाहेर पाइप उरत नाही आणि आहे त्याच मापात 36 इंच मिळतात. पण शाफ्टमधून चेंबरपर्यंत नेताना पाइपाला पुरेसा उतार मिळतो की नाही हे आपल्या इंजिनिअरनी जागेवर लेव्हल लावून दाखवावे, अंदाजाने नको. मला स्वतःला पहिला मार्ग जास्त पटतो, कारण सांडपाण्याचा पाइप घराबाहेर असलेलाच बरा. एसीचे युनिट दोन्ही पर्यायांत मागच्या भिंतीवर किंवा छतावर गेलेच पाहिजे. या वाटेत काहीही टांगायचे नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. सुधारित आराखडा आणि नवी आखणी कंपनीच्या खर्चाने व्हावी. नव्या आराखड्यात वाटेची रुंदी गिलावा ते गिलावा दाखवावी, आणि पाइप, क्लॅम्प, खिडकीच्या बाहेर उघडणाऱ्या झडपा, फाटकाची चौकट अशा प्रत्येक अडथळ्यापाशी उरणारी मोकळी रुंदी वेगळी लिहावी. ती कुठेही 36 इंचांपेक्षा कमी नसेल असे लेखी द्यावे. वाट जिथे मागच्या अंगणात वळते तिथे खुर्ची फिरवायला 5 फूट व्यासाची सपाट जागा रेखाटून दाखवावी. आत्ताच्या आराखड्यात त्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीचा चौथरा आला आहे, तो हलवावा. चेंबरचे झाकण वाटेच्या पृष्ठभागाशी सपाट बसवावे, वर आलेले नको, चाक अडते. काम सुरू असतानाही आईची ये-जा बंद होणार नाही यासाठी वाटेत वाळू, विटा, सळ्या ठेवू नयेत असे आपल्या कंत्राटदाराला लेखी कळवावे आणि त्याची प्रत मला द्यावी.

हे लेखी हाती येईपर्यंत खोदाई सुरू करू नये. पुढचा हप्ताही तोपर्यंत दिला जाणार नाही. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास करार, ईमेल, तिन्ही आराखडे आणि आखणीच्या वेळी टेप लावून काढलेली छायाचित्रे घेऊन मी ग्राहक म्हणून कायदेशीर दाद मागेन.

आपल्या आर्किटेक्टनी एकदा प्रत्यक्ष यावे अशी माझी विनंती आहे. आतापर्यंत ते फक्त पहिल्या बैठकीला आले होते, आणि तेव्हा आम्ही आत टेबलाशीच बसलो. या वेळी आई घरी असताना यावे आणि तिची खुर्ची फाटकापासून मागच्या दारापर्यंत स्वतः ढकलत न्यावी. चुन्याची रेघ पुसू नये असे मी कामगारांना सांगून ठेवले आहे.

आपली विश्वासू,
ग्राहक

सोबत: पहिल्या बैठकीनंतरच्या ईमेलची प्रत, तिन्ही आराखड्यांच्या प्रती, आखणीच्या मापांची छायाचित्रे, जादा आकारणीबाबत आपल्या पत्राची प्रत