बैलाचं चाक

हिंगणघाट तालुका, जि. वर्धा
डिसेंबर २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या बाबांना, आमच्या काकांना, पुण्याची थंडी मानवत असेल अशी आशा आहे. इकडे कापसाची वेचणी सुरू आहे, मजूर मिळत नाही, म्हणून मीही सकाळपासून वावरातच असतो. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण भावाचं आणि पावसाचं बोलतो अन् ठेवून देतो. गेले पंधरा दिवस ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

काकांनी आपल्याला घडवून दिलेला लाकडी बैल आठवतो ना, डाव्या कानाला खाच असलेला? तो आता माझ्या पोट्ट्याकडे आहे. चौथीत आहे तो. यंदा ३ सप्टेंबरला तान्हा पोळा होता, पोट्ट्यांच्या लाकडी बैलांचा. सिंदीच्या पोळ्यासारखे माणसाएवढे बैल काही आपल्याकडे नसतात, पण पोट्टे हौसेनं झुली घालतात, बेगड लावतात. शेजारचा पोरगाही त्याच्या बाजूलाच बैल घेऊन उभा होता. दोघं बालवाडीपासून एका बाकावर बसायचे, एका डब्यात जेवायचे. शेजारी एका पक्षाचं काम करतो, आणि माझं मत कुणीकडे ते तुला ठाऊकच आहे.

तोरणाखाली झडत्या, पोळ्यातली ती टोमण्याची गाणी, सुरू झाल्या आणि आळीतल्या एकानं माझ्या पोराच्या कानात चार ओळी घातल्या. पोरानं त्या खणखणीत म्हटल्या. ओळी शेजाऱ्यावर होत्या. त्यानं पक्ष कसा बदलला, किती घेतले, घरचे कसे आहेत. त्या मी इथं लिहीत नाही. शेवटी सगळ्यांनी ‘हर हर महादेव’ केलं, लोक पोट धरून हसले, दहा-दहाच्या नोटा निघाल्या. पोराला वाटलं, आपण फार मोठं काम केलं. मित्रा, मीही हसलो. त्याच्या पाठीवर थाप मारली आणि खिशातून बोजारा, पोळ्याची ओवाळणी, काढून दिला.

शेजारच्या पोरानं बैल काखेत मारला आणि तो घरी निघून गेला. त्याची दोरी मागं मातीत घसटत चालली होती. मी ते पाहिलं, पण उठून त्याच्यामागं गेलो नाही.

झडतीत टोमणा असतोच, आणि असावाही. कापसाच्या भावावरून सरकारला, कर्जावरून सावकाराला आपल्या म्हाताऱ्यांनी झडतीतूनच सुनावलं. पण ते मोठ्या माणसानं मोठ्या माणसाला, तोंडावर सुनावलेलं असायचं. उत्तर द्यायला समोरचाही झडती म्हणायचा. नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडून दुसऱ्या नऊ वर्षांच्या पोराचा बाप काढायचा, ही कुठली रीत?

मग निवडणूक लागली. भोंग्याच्या ऑटोमागं पोट्टे पळत होते, एका चॉकलेटला एक घोषणा. आपणही पळायचो, खोटं कशाला बोलू. पण आपण सगळ्या पक्षांचे बिल्ले एकाच सदऱ्यावर लावायचो, कोणाचे जास्त एवढाच आपला हिशेब. आता पोट्ट्यांच्या गळ्यात दुपट्टे टाकतात आणि कोणाला ‘मुर्दाबाद’ म्हणायचं तेही शिकवतात. ५ फेब्रुवारीलाच निवडणूक आयोगानं सगळ्या पक्षांना लेखी बजावलं होतं, की प्रचारात पोरांना वापरायचं नाही, त्यांच्या हाती पत्रकं द्यायची नाहीत, त्यांच्याकडून घोषणा वदवायच्या नाहीत. मुंबई उच्च न्यायालयानं तर २०१४ सालीच पक्षांना सांगितलं होतं की लहान पोरांना प्रचारात उतरवू नका. पण आयोगाचा कागद रॅलीपर्यंत पोचणार. आपल्या ओसरीवर, जेवणाच्या ताटाशी, मोबाईलवर मोठ्या आवाजात लावलेल्या भाषणापाशी कोण येणार आहे?

आमच्या घरात तेच चाललं होतं. राग खरा होता. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि माझ्या हाती पडले ते त्याच्या कितीतरी खाली. मी रोज संध्याकाळी तो राग ताटावर काढायचो. भावाचं गणित कधी पोराला समजावून सांगितलं नाही, शिव्या मात्र त्यानं सगळ्या ऐकल्या.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. आमच्याकडच्या लोकांनी शेजाऱ्याच्या दारासमोर फटाक्यांची लड लावली. माझ्या पोराला कोणीतरी खांद्यावर घेतलं होतं, अंगभर गुलाल. शेजारचा पोरगा खिडकीच्या गजाला धरून बघत होता. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागं दोघांची मारामारी झाली. यानं त्याच्या पाठीत चावा घेतला. त्यानं आमच्या घरी येऊन माझ्या पोराकडच्या त्या बैलाचं चाक दगडानं फोडलं.

आता ऐक. चारच दिवसांनी शेजारी माझ्याकडे आला. त्याला फवारणीचा पंप पाहिजे होता, मला त्याची बैलजोडी. पानठेल्यावर आम्ही चहा घेतला, तंबाखू मळली, ‘झालं गेलं’ म्हटलं आणि ते खरंच झालं गेलं. आमचं असंच असते. आम्हाला ठाऊक असते, की निवडणूक येते अन् जाते, दोघांच्या वावरांमधला धुरा एकच राहते. पोरांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना भांडण दिलं, मिटवणं दिलं नाही.

मी घरी येऊन म्हटलं, ‘जा, त्याले खेळाले बोलाव.’
‘नाही जात. ते लोकं गद्दार हाये.’
‘गद्दार म्हणजे काय रे?’
थोडा वेळ विचार करून म्हणाला, ‘ज्याच्याशी बोलायचं नसते तो.’ आणि मग, ‘तुम्हीच तं म्हणे, बाबा.’

त्या रात्री मला झोप लागली नाही. सारखी तुझ्या-माझ्या बाबांची आठवण येत होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे तुला कधी कळलं? मला कळलं ते बाबांच्या तेरवीला, काकांनीच डोळे पुसत सांगितलं तेव्हा. त्या दोन वर्षांतही बाबा दर तान्ह्या पोळ्याच्या आधी मला म्हणायचे, ‘जाय, काकाकडून बैलाचे शिंगं रंगवून आण.’ आणि काका रंगवून द्यायचे, वर गुळाचा खडा हातावर ठेवायचे. स्वतः उंबऱ्यावर यायचे नाहीत एवढंच. तेव्हा मला वाटायचं, त्यांना काम असेल. बाबांना राग कमी होता असं नाही. ताटावर ते गप्प जेवायचे. ते गप्प राहणं मला आता समजते.

परवा मी शेजारच्या पोराकडे गेलो. बापाकडे नाही, पोराकडे. म्हटलं, ‘पोळ्याच्या दिवशी मी हासलो, ते चुकलं माझं.’ तो काही बोलला नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, ‘बैलाचं चाक मी फोडलं.’ मी म्हटलं, ‘माहीत आहे.’ तेवढंच झालं. बाकावर दोघं अजून वेगळेच बसतात, गुरुजींना मुद्दाम विचारलं मी.

रविवारी दोघांना वावरात घेऊन जायचा विचार आहे. चाक नवं करायचं म्हणतो, त्यांच्याच हातानं. जुनं चाक मी जपून ठेवलंय, पण चिरून तीन तुकडे झालेत, लाकूड कोणतं होतं ते ओळखू येत नाही. काकांना विचार, बाभळीचं घेऊ की सागाचं, आणि भोक आधी पाडायचं की गोल केल्यावर. रविवारच्या आत कळव.

तुझा,
वावरातला मित्र